बटण सुटल्यावर

दिपाली ज्या कंपनीत नोकरीला होती ती नगरच्या सावेडीत. खाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान आणि वर दोन खोल्या. पतसंस्था, दूध संघ, कृषी सेवा केंद्रं यांच्या वेबसाइट तिथं तयार व्हायच्या. दिपाली पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीची, आणि तिचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. अलीकडेच दोघांनी कोयता खाली ठेवला होता आणि चार शेळ्या घेऊन ते घरी राहिले होते.

दिवाळीच्या सुमाराला भारती नावाची बाई कंपनीत आली. भारती मूळची भिंगारची. एका संस्थेतर्फे ती पाथर्डीकडच्या एका गावात हंगामी वसतिगृह चालवायची. आईबाप तोडीला गेले की त्यांची मुलं शाळा बुडू नये म्हणून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, तिथं राहायची. भारतीचं दुखणं साधं होतं. आईबाप उसाच्या फडातून येऊन मोकळे होईपर्यंत मुलं झोपलेली असायची. तिच्या मोबाईलवर सगळ्यांचे आवाजी निरोप यायचे, पण ते एकमेकांत मिसळायचे. कुणाच्या आईचा निरोप कोणता हे शोधता शोधता पोरं रडकुंडीला यायची. तिला एक पान हवं होतं. त्यावर मुलांचे फोटो असावेत, आणि आपल्या फोटोवर बोट ठेवलं की आपल्याच घरचे निरोप ऐकू यावेत. वसतिगृहात एक जुना टॅब होता आणि तिकडे फडावर आयांचे स्वस्तातले स्मार्टफोन. त्यात आधीच जागा नसायची, म्हणून ॲप नको, साधं वेबपानच हवं, असं तिचं म्हणणं होतं.

दिपालीनं ते काम मागून घेतलं. कंपनीतला सीनियर हर्षल म्हणाला की यात शिकण्यासारखं फारसं काही नाही. तिनं त्यावर वाद घातला नाही.

ती ज्या फ्रेमवर्कमध्ये काम करायची त्यात एक छान सोय होती. एखादी वागणूक छोट्या फंक्शनमध्ये एकदाच लिहून ठेवायची आणि मग पानावरच्या हव्या त्या वस्तूला, बटणाला, फोटोला, नुसतं तिचं नाव जोडायचं. वस्तू पडद्यावर आली की फ्रेमवर्क त्या फंक्शनला हाक मारायचं आणि ती वस्तू त्याच्या ताब्यात द्यायचं. वस्तू पडद्यावरून गेली की आवराआवरीसाठी पुन्हा हाक मारायचं. दिपालीनं असं एक फंक्शन लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'धरून ठेव'. बटणावर बोट धरलं की माईक सुरू, बोट सुटलं की माईक बंद आणि निरोप रवाना. आईच्या बटणाला ते जोडलं, बापाच्या बटणाला जोडलं, मुलांनी उत्तर द्यायच्या बटणालाही जोडलं. एकदाच लिहिलं आणि सगळीकडे चाललं, याचा तिला आनंद वाटला.

रविवारी ती वाडीवर गेली आणि आईच्या, रंगुबाईच्या हातात मोबाईल दिला. रंगुबाईचा अंगठा कोयत्यानं आणि वाढ्यांनी, उसाच्या शेंड्यांच्या पाल्यानं, इतका घट्ट झालेला, की काचेवर ठेवला तरी मोबाईलला कळायचं नाही. कळला तर घसरायचा. दिपालीनं तिथंच बसून बटण मोठं केलं आणि बोट थोडं सरकलं तरी चालेल अशी सोय केली.

"बोल आता," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. मी लहान हाय आन् तू फडावर हायस असं समज."

रंगुबाईनं बटण धरलं, मोबाईलकडे पाहिलं, "हॅलो, हॅलो" म्हणाली आणि मोबाईल परत देऊन चुलीकडे गेली.

दिपालीला याचं नवल वाटलं नाही. लहानपणी ती चुलतीकडे राहायची. आईबाप जायचे तेव्हा पहाटेचा ट्रक असायचा आणि कुणी तिला उठवायचं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला दारात दोन काळवंडलेली माणसं उभी राहायची आणि ती चुलतीच्या मागं लपायची. चारदोन दिवसांनी आईजवळ जायची, मग पुन्हा सवय व्हायची, मग पुन्हा दिवाळी यायची. आई कधी म्हणाली नाही की तुझी आठवण यायची. दिपालीनं मनाशी धरलं होतं की कामाच्या रगाड्यात आईला ती आठवत नसावी. त्यात तिला आईचा राग नव्हता. फक्त आईशी बोलताना विषय लवकर संपायचे.

पान सुरू झालं. वसतिगृहातल्या मुलांना ते लगेच जमलं आणि फडावरच्या आयाही हळूहळू शिकल्या. निरोप सगळ्यांचे जवळजवळ सारखेच असायचे. जेवलास का, अभ्यास कर, भांडू नको, ठेवते.

संक्रांत होऊन गेली आणि एका दुपारी भारतीचा फोन आला. तिसरीतल्या कल्याणबद्दल तिला बोलायचं होतं. कल्याणचे आईवडील, सुरेखा आणि वाल्मिक, कोपरगावकडे तोडीला होते. धाकटी मुलगी अंगावर पिणारी, म्हणून तिला त्यांनी बरोबर नेलं होतं. कल्याण आल्यापासून नीट जेवत नव्हता. आणि आता एकदम जेवायला लागला होता. टॅब मांडीवर घेऊन बसायचा, आईचा एक लांबलचक निरोप लावायचा, आणि त्यात भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला की घास घ्यायचा. भारतीला आधी बरं वाटलं होतं. मग त्यानं आपली रंगपेटी शेजारच्या मुलाला देऊन टाकली. पुढच्या वर्षी मी इथं नाही, आई मला फडावर नेणार आहे, असं तो सगळ्यांना सांगत होता. पाढे म्हणायला उठवलं तर म्हणाला, मला आता काय करायचेत.

"मी तो निरोप शेवटपर्यंत ऐकला," भारती म्हणाली. "ती बाई हे मुलाला सांगत नव्हती गं, दिपाली. तिला माहीतच नसणार की आपला आवाज जातोय."

दिपालीनं कानात इअरफोन घातले आणि तो निरोप उघडला. सुरुवात नेहमीचीच होती. जेवलास का, मॅडमला तरास देऊ नको, ठेवते. मग खडखड झाली. मोबाईल पत्र्याच्या पेटीवर ठेवला असावा. चुलीत पाचट तडतडत होतं. धाकटी किरकिर करत होती, कुणीतरी बैलांना हाकारत होतं. परातीवर भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ तेवढाच राहिला. मग वाल्मिकनं विचारलं, पोराला काय बोललीस.

"तेच. जेवलास का. त्याच्याशी बोलायला बसले का दुसरं काई तोंडात येतच न्हाई." पुन्हा थापल्याचा आवाज. "झोपंत अजून हात टाकते मी बाजूला. हाताला काई लागत न्हाई, मग ध्यानात येतं."

भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज आला.

"पुढच्या साली आनू त्याला इकडं. शाळेचं काय व्हायचं ते हू दे. मला न्हाई ऱ्हावत."

"बगू," वाल्मिक म्हणाला.

त्यानंतर जेवणाचे आवाज होते, आणि अर्ध्यातच निरोप तुटला.

दिपालीनं इअरफोन काढले. पहिल्यांदा तिला रडू आलं आणि लगेच ती घाबरली, कारण असं होणं शक्यच नव्हतं. बोट सुटल्यावर माईक बंद व्हायला हवा होता. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. बटणावर बोट असतानाच नेमका दुसरा एखादा निरोप येऊन पडला की पान स्वतःला नव्यानं मांडायचं. जुनं बटण जायचं आणि त्याच जागी हुबेहूब नवं यायचं. बोट उचललं जायचं ते नव्या बटणावर. जुन्या बटणाला जोडलेलं फंक्शन मात्र बोट सुटायची वाट बघत तसंच जागं राहायचं. जाताना फ्रेमवर्क आवराआवरीची हाक मारत होतं, पण ती हाक ऐकणारा भाग दिपालीनं लिहिलाच नव्हता. बोलताना स्क्रीन मालवू नये ही सोयही तिचीच. लांबी ठरावीक झाली की निरोप आपोआप पाठवायचा, हेही तिचंच.

हर्षलला तिनं सगळं सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, ज्या ज्या बटणाला हे जोडलंय तिथं तिथं चूक आहे, पण दुरुस्ती मात्र एकाच जागी आहे. बटण जाताना माईक बंद करायचा, इतक्याच ओळी. त्या तिनं संध्याकाळच्या आत लिहिल्या. हर्षलनं आणखी एक सांगितलं. असे न कळत गेलेले निरोप जितके असतील तितके लगेच पुसायचे, न ऐकता, आणि ज्यांचे होते त्यांना कळवायचं. लांबीवरून तसे आणखी चारपाच निघाले. ते पुसून दिपालीनं त्या बायकांना एकेक करून फोन केले. बहुतेक जणी हसल्या. एकीनं तिला चांगलंच झापलं. दिपालीनं ऐकून घेतलं, कारण बाईचं खरं होतं.

सुरेखाचा निरोप तिनं पुसला नाही. तो आता कल्याणचाही होता असं तिला वाटलं. फोनवर हे बोलता येणार नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं रजा काढली आणि कोपरगावची एसटी धरली. राहुरी मागं पडली तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. तिच्या वाडीला माळ आणि कुसळं सोडून काही नव्हतं. लहानपणी तिनं ऊस कधी उभा पाहिला नव्हता, फक्त त्याच्यामुळं घर रिकामं होतं एवढं तिला ठाऊक होतं.

टोळीचा तळ गोदावरीच्या अलीकडे, एका मोकळ्या रानात होता. चटया आणि ताडपत्री घालून केलेल्या कोपी ओळीनं उभ्या होत्या. सुरेखा नुकतीच फडातून आली होती. तिशीही न गाठलेली, सडपातळ बाई. हात कोपरापर्यंत ओरखडलेले. दिपालीनं आपण कुठल्या आणि कुणाच्या ते सांगितल्यावर तिनं गोणपाट टाकलं, पाणी दिलं आणि पहिलं विचारलं ते कल्याण बरा आहे का.

दिपालीनं काहीही न लपवता सांगितलं. चूक माझी, तुमचं घरातलं बोलणं न विचारता तिकडं गेलं, आणि ते त्यानं ऐकलं. काय बोलले मी, एवढंच सुरेखानं विचारलं. दिपालीनं मोबाईल पुढं केला.

सुरेखानं मोबाईल कानाला लावून निरोप ऐकला. धाकटी तिच्या पदराशी झोंबत होती तिकडे तिचं लक्ष नव्हतं. बैलांना वाढे टाकून वाल्मिक आला आणि काय चाललंय ते न कळून कोपीच्या दाराशी उभा राहिला. ऐकून झाल्यावर सुरेखानं मोबाईल मांडीवर ठेवला.

"हे ऐकून जेवतो त्यो?"

"रोज."

"आन् रंगपेटी देऊन टाकली?"

"व्हय."

सुरेखा वाल्मिकला म्हणाली की आपण बोललो ते पोरानं ऐकलं. वाल्मिक उंबऱ्यासारख्या ठेवलेल्या दगडावर बसला. त्याला आधी राग आला. बाहेरच्या माणसानं ऐकलं म्हणून तो दिपालीवर चढ्या आवाजात बोलला. सुरेखानं त्याला थांबवलं नाही.

त्याचं बोलून झाल्यावर दिपालीनं सुचवलं की तेवढं वाक्य कापून टाकता येईल. भाकरीचा आवाज राहील, त्याला फडावर आणायचं बोलणं जाईल. वाल्मिकला ते पटलं. सुरेखाला पटलं नाही.

"नगं," ती म्हणाली. "त्यानं ऐकलंय. आता काढलं तर त्याला वाटंल आई खोटं बोलली, न्हाई तर त्याला वाटंल आपल्यालाच भास झाला. मलाच सांगाया पायजे."

तिनं बटण मागितलं. दिपालीनं पान उघडून दिलं आणि बाहेर जायला उठली, पण सुरेखानं हात धरून तिला बसवलं. सुरेखानं बटणावर अंगठा धरला.

"कल्याण," ती म्हणाली. "त्या दिशी मी तुझ्या बापाला बोलले ते तू ऐकलंस. मला ठावं नव्हतं तू ऐकतोयस. पर बोलले ते खरं हाय. तुला इथं आनावं असं मला रोज वाटतं. रोज वाटतं, आन् तरी आननार न्हाई. इथं आलास का तुझ्या हातात बी कोयता येईल, आन् एकदा आला का सुटत न्हाई. मला राग आलाय, मी रुसलोय, असं बोलायचं असलं तर बोल. मी ऐकीन."

तिनं अंगठा उचलला. दिपालीनं न राहवून स्क्रीनवर पाहिलं. माईक बंद झाला होता. निरोप गेला होता.

निघताना सुरेखानं तिला उसाचं एक कांडं तासून खायला दिलं आणि विचारलं, "तुमची आई बी जायची म्हनलात. ती काय बोलायची हो तुमच्याशी?"

त्या वेळी आमच्याकडं मोबाईल नव्हता, असं दिपाली म्हणाली. ते खरंच होतं, पण ते उत्तर नव्हतं हे दोघींनाही कळलं.

कल्याणनं तो निरोप ऐकला आणि टॅब भारतीकडे नेऊन दिला. पुढं कितीतरी दिवस त्यानं टॅबला हात लावला नाही. जेवायचा, पण अर्धंमुर्धं. भारतीनं त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. ती फक्त जेवताना त्याच्या शेजारी बसायला लागली. रंगपेटी घेतलेल्या मुलानं ती परत आणून दिली तर त्यानं घेतली नाही. दिपाली रोज पान उघडून पाहायची. सुरेखाचे निरोप येत होते, आता थोडे लांब. धाकटी उभी राहायला लागली, बैलाचा खूर दुखावलाय, कालव्यात बगळे लई उतरलेत. कल्याणकडून काहीच नव्हतं. आपण त्या बाईला पोरापासून आणखी दूर केलं, असं दिपालीला वाटत राहिलं. निरोप पुसून टाकला असता तर, हा विचार ती काम करता करता करायची आणि कुणापाशी बोलायची नाही.

शिवरात्रीच्या आसपास कल्याणचा एक निरोप गेला. दिपालीनं तो ऐकला नाही, ऐकण्याचा तिला हक्क नव्हता. भारतीनंच हसत हसत फोन करून सांगितलं. मी रुसलोय असं तो आधी बोलला होता. आणि मग म्हणाला होता की येताना ऊस आन, लई आन, सगळ्यांना लागंल.

पाडव्याच्या आधी टोळ्या परतल्या. मुलांना न्यायला आईबाप येणार त्या दिवशी भारतीनं दिपालीला बोलावलं. शाळेच्या पटांगणात ट्रॅक्टर येऊन थांबले. सुरेखा कडेवर धाकटी घेऊन उतरली, वाल्मिकच्या खांद्यावर उसाची मोळी होती. कल्याण त्यांना पाहून पुढं आला आणि चार हातांवर थांबला. सुरेखाही थांबली. तिनं त्याला ओढून घेतलं नाही. वाल्मिकनं मोळी खाली ठेवली तशी तिनं त्यातला एक ऊस काढला आणि तो धर म्हणाली. कल्याणनं उसाचं दुसरं टोक धरलं. आईनं एक टोक धरलेलं, त्यानं दुसरं, असे दोघं शाळेच्या ओट्यापर्यंत चालत गेले. ओट्यावर बसल्यावर मात्र तो तिच्या अंगावर असा पडला की धाकटी घाबरून रडायला लागली.

दिपाली तिथून नगरला परत गेली नाही. वाडी जवळ होती, ती घरी गेली. अंगणात सहादेव, तिचे वडील, शेळीच्या पायातला काटा काढत बसले होते. रंगुबाई तूर पाखडत होती. दिपाली तिच्याजवळ बसली आणि थोडी तूर आपल्याकडे ओढून खडे वेचायला लागली. सुरेखाची सगळी हकीकत तिनं सांगितली. रंगुबाई ऐकत होती, सूप थांबलं नव्हतं.

"आई, तुमी फडावर माझ्याबद्दल काय बोलायचा?"

"काई न्हाई."

दिपालीला हे उत्तर येणार हे ठाऊक होतं, तरी लागायचं ते लागलं. तिनं मान खाली घातली. रंगुबाईनं सूप खाली ठेवलं.

"तुझं नाव काडायचं न्हाई असं ठरलं हुतं आमचं," ती म्हणाली. "पहिल्या साली मी काडायची. सकाळी फडात शिरताना म्हनायची, आता दिपी उठली आसंल. तर ह्यांचा हात चालायचा न्हाई. एकदा कोयता पायावर मारून घेतला. तवापासून ठरलं. घरी येईस्तोवर नाव न्हाई."

"मग कधीच न्हाई?"

"न्हाई. कुनाची तरी पोर दिपी नावाची हुती टोळीत, तिला आमी दुसऱ्याच नावानं हाक मारायचो."

दिपालीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शेळीचा पाय त्यांच्या हातात होता आणि त्यात आता काटा नव्हता, तरी ते त्यावरून अंगठा फिरवत होते. त्यांच्या उजव्या नडगीवरचा वण दिपालीनं लहानपणापासून पाहिला होता. तो कशाचा हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

रंगुबाईनं सूप पुन्हा उचललं. ऊन उतरायला लागलं तसे सहादेव उठले, शेळी दावणीला बांधली, हात धुतले आणि दिपालीकडे न बघता विचारलं, "कधी निगनार हायस?"

"उद्या सकाळी."

"परवा जा," ते म्हणाले.